दोन तृतीयांश बहुमत आणि एक पक्षादेश

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या समारोपाच्या भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी विभूतिपूजेविषयी आणि राजकीय समतेच्या शेजारी उभ्या असलेल्या सामाजिक विषमतेविषयी जे इशारे दिले, ते आपल्याकडे वारंवार उद्धृत होतात. त्याच भाषणातील घटनादुरुस्तीविषयीच्या युक्तिवादाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. थॉमस जेफर्सन यांचा दाखला देऊन आंबेडकर म्हणाले होते की, प्रत्येक पिढी हे जणू वेगळे राष्ट्र असते. बहुमताने स्वतःला बांधून घेण्याचा तिला हक्क आहे, पुढच्या पिढीला बांधून ठेवण्याचा नाही. म्हणून कॅनडाप्रमाणे दुरुस्तीचा हक्क लोकांना नाकारण्याचा, किंवा अमेरिका व ऑस्ट्रेलियाप्रमाणे दुरुस्तीला असाधारण अटींनी जखडून टाकण्याचा मार्ग संविधान सभेने पत्करला नाही. इतकी सुलभ पद्धत अशा परिस्थितीत जगातल्या दुसऱ्या एखाद्या घटना समितीने दिली असेल तर टीकाकारांनी ती दाखवून द्यावी, असे आव्हानही त्यांनी दिले. ज्यांना ही घटना मान्य नाही त्यांना केवळ दोन तृतीयांश बहुमत मिळवायचे आहे. प्रौढ मतदानाने निवडून आलेल्या संसदेत तेवढेही मिळत नसेल, तर त्यांच्या असंतोषात सर्वसामान्य जनता सहभागी आहे असे मानता येणार नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा होता.

या मांडणीला दोन गृहीतकांचा आधार आहे. संसदेतील जागा आणि लोकांचा कौल यांत फार मोठी तफावत पडणार नाही, हे एक. आणि घटनादुरुस्तीवर मत देताना सदस्य स्वतःचा विवेक वापरेल, हे दुसरे. पहिले गृहीतक अनुभवाने खोटे ठरवले. १९७१ साली सत्ताधारी काँग्रेसला सुमारे ४४ टक्के मते मिळाली आणि जागा मिळाल्या ५१८ पैकी ३५२. १९८४ मध्येही मतांचे प्रमाण पन्नास टक्क्यांच्या आतच होते, पण जागा चारशेच्या वर गेल्या. दुसरे गृहीतक तर आपण स्वतःच पक्षांतरबंदीचा कायदा करून मोडले, तेही घटनादुरुस्तीच्याच मार्गाने. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे की, घटनेत काय बदलता येते या प्रश्नावर आपण पन्नास वर्षे खल केला, पण ती कोणत्या रीतीने बदलली जाते या प्रश्नाकडे जवळजवळ पाठ फिरवली. आणि जे काम कार्यपद्धतीने करायला हवे होते, ते सगळे न्यायालयाच्या गळ्यात टाकले.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत ‘संविधान बदलणार’ हा प्रचाराचा मुद्दा झाला तेव्हाही हेच दिसले. एका बाजूने भीती व्यक्त झाली, दुसऱ्या बाजूने शपथा घेतल्या गेल्या. वस्तुतः संविधान १९५१पासून सतत बदलत आले आहे. २०२३ सालच्या महिला आरक्षणाच्या दुरुस्तीपर्यंत १०६ घटनादुरुस्त्या झाल्या होत्या. त्यातल्या काही नसत्या तर आज अठरा वर्षांच्या तरुणाला मत देता आले नसते, ग्रामपंचायतींना घटनेत स्थान नसते आणि सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत हक्कांत आला नसता. तेव्हा बदलाला भिण्याचे कारण नाही. भ्यायचेच असेल तर ते ज्या बदलाचा कोणी नीट विचारच केला नाही त्या बदलाला.

राज्यघटनेची मूलतत्त्वे म्हणून आपण लोकसत्ता, कायद्याचे राज्य, मूलभूत हक्क, संघराज्य, धर्मनिरपेक्षता, न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य अशी नावे घेतो, आणि ती बरोबरच आहेत. परंतु ही सगळी तत्त्वे एका जुन्या तडजोडीवर उभी आहेत. आज ज्याच्याकडे बहुमत आहे तो काही नियम मान्य करतो, ज्यांमुळे आजचा अल्पमतवाला उद्या बहुमतात येऊ शकेल. आणि ज्याला कधीच बहुमतात येता येणार नाही, त्याचेही किमान हक्क शाबूत राहतील. या दृष्टीने पाहिले की, कोणती दुरुस्ती घातक आणि कोणती केवळ वादग्रस्त, हे ओळखणे पुष्कळ सोपे होते. संस्थानिकांचे तनखे रद्द करणारी १९७१ची दुरुस्ती कोणाला अन्यायकारक वाटली असेल, पण तिने परतीचा रस्ता बंद केला नाही. पुढच्या संसदेला ते तनखे पुन्हा सुरू करता आले असते. पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेणारी १९७५ची दुरुस्ती मात्र तोच रस्ता बंद करणारी होती.

घटनादुरुस्तीची रीत सांगणाऱ्या अनुच्छेद ३६८ची रचना बहुतेकांना ठाऊक असते, पण तिच्यातील पायऱ्या लक्षात घेतल्या जात नाहीत. काही बाबी साध्या बहुमताने बदलतात आणि त्यांना घटनादुरुस्ती म्हणायचे नाही, असे घटनाच सांगते. बहुतांश तरतुदींसाठी दोन्ही सभागृहांत स्वतंत्रपणे, एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांचे दोन तृतीयांश बहुमत लागते. संयुक्त बैठकीची पळवाट इथे नाही. राष्ट्रपतींची निवडणूक, केंद्र-राज्यांतील अधिकारांची वाटणी, सर्वोच्च व उच्च न्यायालये, संसदेतील राज्यांचे प्रतिनिधित्व आणि स्वतः अनुच्छेद ३६८ यांना हात लावायचा असेल, तर शिवाय निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते. नवल असे की मूलभूत हक्कांचा भाग या तिसऱ्या पायरीत नाही. केंद्रसूचीतील एखादी नोंद बदलायला राज्यांना विचारावे लागते. नागरिकाच्या भाषणस्वातंत्र्यावर नवे निर्बंध आणायला विचारावे लागत नाही.

ही उणीव पहिल्याच दीड वर्षात उघडी पडली. जून १९५१ मध्ये पहिली दुरुस्ती झाली, तेव्हा देशात पहिली सार्वत्रिक निवडणूकही झालेली नव्हती. संविधान सभाच हंगामी संसद म्हणून काम करत होती आणि सभागृह एकच होते. जमीनदारी निर्मूलनाचे कायदे न्यायालयांत अडकत होते, मद्रासच्या शिक्षणसंस्थांतील आरक्षण रद्द ठरले होते, वृत्तपत्रांवरील बंदीच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिले होते. या तिन्हींना एकाच विधेयकाने उत्तर दिले गेले. पहिल्या दोन बाबतींत सरकारची बाजू न्यायाची होती असे मी मानतो, तिसऱ्या बाबतीत नव्हती. इथे मुद्दा मात्र वेगळा आहे. मूळ विधेयकात भाषणस्वातंत्र्यावरील निर्बंध वाजवी असले पाहिजेत ही अट नव्हती. विधेयक प्रवर समितीकडे गेले, टीका झाली, आणि ती अट आत आली. आज एखाद्या निर्बंधाचा वाजवीपणा न्यायालयात तपासला जातो तो त्या समितीत घालवलेल्या थोड्या दिवसांमुळे. त्या विधेयकाने निर्माण केलेल्या नवव्या अनुसूचीला अशी चाळणी लागली नाही. न्यायालयाच्या तपासणीपासून जमीनसुधारणेच्या कायद्यांना संरक्षण देण्यासाठी ती आली आणि पुढे जमिनीशी संबंध नसलेलेही अनेक कायदे तिच्या आडोशाला जाऊन बसले.

पुढची हकीकत मुख्यतः न्यायालयाची आहे. शंकरी प्रसाद प्रकरणात १९५१ साली न्यायालयाने संसदेला पूर्ण मोकळीक दिली. १९६४ मध्ये सज्जन सिंग प्रकरणात बहुमताने तेच कायम राहिले, पण न्या. जनार्दन मुधोळकर यांनी एक शंका नोंदवून ठेवली: घटनेचे मूलभूत वैशिष्ट्यच बदलणे याला दुरुस्ती म्हणायचे की घटनेचा तो भाग नव्याने लिहिणे? निकालात या प्रश्नाचे वजन तेव्हा शून्य होते. १९६७च्या गोलकनाथ निकालात सहा विरुद्ध पाच मतांनी न्यायालय दुसऱ्या टोकाला गेले आणि मूलभूत हक्कांना संसदेने हात लावायचाच नाही असे म्हणाले. संसदेने १९७१ साली चोविसाव्या दुरुस्तीने उत्तर दिले. मग केशवानंद भारती प्रकरण आले. तेरा न्यायमूर्ती, अडुसष्ट दिवसांची सुनावणी, अकरा वेगवेगळी निकालपत्रे आणि २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा असा निर्णय: संसद घटनेचा कोणताही भाग बदलू शकते, पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. लगेच तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून न्या. ए. एन. राय यांना सरन्यायाधीश करण्यात आले. हा निकाल सरकारला किती झोंबला होता, याचा याहून स्पष्ट पुरावा नको.

हे तत्त्व अवघ्या एका मताने आले असले, तरी ते टिकले कसे, हे पाहणे उद्बोधक आहे. न्या. यशवंत विष्णू चंद्रचूड केशवानंद प्रकरणात सहा जणांच्या अल्पमतात होते. संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकारावर अशी मर्यादा नाही, असे त्यांचे मत होते. त्यानंतर एकोणचाळिसावी दुरुस्ती आली. इंदिरा गांधींच्या निवडणुकीविषयीचे अपील सर्वोच्च न्यायालयात ११ ऑगस्ट १९७५ रोजी सुनावणीस यायचे होते. ७ ऑगस्टला विधेयक लोकसभेत मांडले आणि त्याच दिवशी संमत केले, ८ला राज्यसभेने केले, ९ला आवश्यक तेवढ्या विधिमंडळांनी संमती दिली, १०ला राष्ट्रपतींची सही झाली. पक्षकारानेच खटला चालू असताना कायदा बदलून घेतला, आणि त्यासाठी अनुच्छेद ३६८ची प्रत्येक अट अक्षरशः पाळली गेली! त्यातील निवडणुकीला न्यायालयाबाहेर नेणारे कलम ७ नोव्हेंबर १९७५ रोजी रद्द ठरवणाऱ्यांत चंद्रचूड होते. पुढे सरन्यायाधीश झाल्यावर १९८०च्या मिनर्व्हा मिल्स निकालात, संसदेच्या दुरुस्तीच्या अधिकाराला मर्यादाच नाही असे सांगणारी बेचाळिसाव्या दुरुस्तीतील कलमे रद्द करताना त्यांनी लिहिले की, ज्याला मर्यादित अधिकार मिळाला आहे त्याने तोच अधिकार वापरून स्वतःला अमर्याद करून घेणे शक्य नाही. बेचाळिसावी दुरुस्ती ज्या लोकसभेने संमत केली, तिची पाच वर्षांची मूळ मुदत संपून गेली होती आणि विरोधी पक्षांचे अनेक सदस्य तुरुंगात होते, हेही इथे आठवावे. मूलभूत चौकटीचे तत्त्व घटनेच्या मजकुरात कुठे आहे, असा प्रश्न विचारणाऱ्यांना माझे उत्तर आणीबाणीकडे बोट दाखवण्याचे आहे.

तरीही या तत्त्वावर सर्व भार टाकणे मला योग्य वाटत नाही. चौकटीत काय काय मोडते याची यादी नाही, आणि असूही शकत नाही. ती निकालागणिक वाढत गेली आहे. १९९४च्या बोम्मई निकालाने धर्मनिरपेक्षता आणि संघराज्य यांना तिच्यात पक्के बसवले, आणि ते योग्यच झाले. २०१५ मध्ये मात्र न्यायमूर्तींच्या नेमणुकांसाठी आयोग स्थापणारी नव्व्याण्णवावी दुरुस्ती चार विरुद्ध एक मताने रद्द ठरली, तेव्हा न्यायमूर्तींनी न्यायमूर्तींच्या नेमणुकीचा आपला अधिकार आपणच राखला, हा आक्षेप घेण्यास जागा निर्माण झाली. ती दुरुस्ती संसदेने जवळजवळ एकमताने केली होती आणि निम्म्याहून अधिक राज्यांनी तिला संमती दिली होती. आयोगाची रचना सदोष होती असे माझे मत असले, तरी ‘हे कधीच करता येणार नाही’ असे सांगणारा निर्णय लोकशाहीत फार जपून वापरायचा असतो. त्यावर अपील नाही आणि त्याला निवडणुकीनेही उत्तर देता येत नाही.

याउलट, कार्यपद्धतीवर दिलेला निकाल फक्त एवढेच म्हणतो: ज्यांना विचारायला हवे होते त्यांना विचारून या. असे निकाल दिले गेले आहेत. पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीतील न्यायालयांना मज्जाव करणारा सातवा परिच्छेद १९९२ साली किहोतो होलोहान प्रकरणात रद्द ठरला, कारण तो न्यायालयांच्या अधिकाराला हात लावत होता आणि राज्यांची संमती घेतली नव्हती. २०११च्या सत्याण्णवाव्या दुरुस्तीने सहकारी संस्थांसाठी घटनेत एक नवा भाग घातला होता. सहकार हा राज्यसूचीतील विषय. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांच्या संमतीअभावी तो भाग राज्यांतील संस्थांपुरता रद्द केला. सहकारावर ज्या राज्याचे अर्धे राजकारण चालते त्या महाराष्ट्रातसुद्धा या निकालाने कोणी ‘न्यायालय विरुद्ध जनता’ अशी आरोळी ठोकली नाही. ठोकता येण्यासारखे त्यात काही नव्हते.

आता पक्षादेशाकडे, म्हणजे व्हिपकडे वळू. दहाव्या अनुसूचीनुसार पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणारा किंवा गैरहजर राहणारा सदस्य अपात्र ठरतो. पंधरा दिवसांत पक्षाने त्याला माफ केले तरच वाचतो. विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प यांना हा नियम लागू असणे समजण्यासारखे आहे, कारण त्यांवर सरकारचे अस्तित्व अवलंबून असते. घटनादुरुस्तीचे विधेयक पडल्याने सरकार पडत नाही. तरीही नियम तिलाही लागू आहे, आणि राज्यांच्या विधिमंडळांनाही आहे. म्हणजे घटना बदलण्यासाठी शेकडो सदस्यांची संमती लागते असे कागदावर दिसत असले, तरी प्रत्यक्षात काही पक्षनेत्यांची पुरते; आणि राज्यांत त्याच पक्षांची सरकारे असली, तर निम्म्या राज्यांची संमती हा टपालाचा विषय उरतो. आंबेडकरांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडताना सांगितले होते की, संविधान सभेला कोणताही पक्षीय स्वार्थ नाही, पण पुढची संसद घटना बदलायला बसेल तेव्हा तिचे सदस्य पक्षीय हेतूने, एखादे कलम वाटेत येते म्हणून ते दूर करायला बसलेले असतील. संसदेवर अधिक कठोर अट का, याचे कारण त्यांनी यातून दिले होते. त्या अटीचे बळ दहाव्या अनुसूचीने काढून घेतले. दिनेश गोस्वामी समितीने १९९० सालीच अपात्रता सरकारच्या अस्तित्वाशी निगडित मतदानापुरती ठेवावी असे सुचवले होते. शिफारस तशीच पडून आहे.

दुसरे हरवलेले मूल्य म्हणजे वेळ. आर्थिक दुर्बल घटकांसाठी दहा टक्के आरक्षण देणारी एकशे तिसरी दुरुस्ती ८ जानेवारी २०१९ रोजी लोकसभेत मांडली गेली आणि त्याच दिवशी संमत झाली. दुसऱ्या दिवशी राज्यसभेने ती संमत केली. तिच्या वैधतेवर सर्वोच्च न्यायालयाचा तीन विरुद्ध दोन असा निकाल ७ नोव्हेंबर २०२२ रोजी आला. आरक्षणाचा आधार केवळ आर्थिक असू शकतो का, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांमधील गरिबांना त्यातून वगळणे समतेच्या तत्त्वात बसते का, हे मूलगामी प्रश्न संसदेने दोन दिवसांत उरकले आणि पाच न्यायमूर्तींनी त्यांच्यावर विस्ताराने विचार केला. उत्तर काय यावे याबद्दल मतभेद असू शकतात. पण एवढ्या मोठ्या सामाजिक प्रश्नाचे खरे वादपीठ सभागृहाऐवजी न्यायकक्ष व्हावे, आणि नंतर संसदसदस्यांनीच न्यायालयीन अतिक्रमणाची तक्रार करावी, हे मला अनाकलनीय वाटते. याच्या उलट वस्तू आणि सेवा कराची दुरुस्ती. तिचे पहिले विधेयक २०११ सालचे. ते लोकसभेबरोबर व्यपगत झाले, नवे आले, राज्यांच्या अर्थमंत्र्यांच्या समितीत भांडणे झाली, राज्यसभेच्या प्रवर समितीने ते तपासले, उत्पादक राज्यांसाठीचा एक टक्का जादा कर वगळला गेला आणि २०१६ मध्ये दुरुस्ती झाली. त्या कराच्या अंमलबजावणीवर पुष्कळ टीका झाली, मीही करीन. पण आम्हाला विचारलेच नाही असे कोणतेही राज्य म्हणू शकत नाही.

राज्यांच्या बाबतीत एक विषय असा आहे की जिथे घटनादुरुस्तीची पायरीही लागत नाही. अनुच्छेद ३ प्रमाणे राज्याच्या सीमा, नाव, अस्तित्व संसद साध्या बहुमताने बदलू शकते. संबंधित विधिमंडळाचे मत मागवायचे असते, मानायचे नसते. मराठी माणसाला हे १९५६ सालीच कळले. राज्य पुनर्रचनेच्या विधेयकात मुंबई केंद्रशासित आणि महाराष्ट्र व गुजरात अशी दोन राज्ये होती. संसदेने त्याऐवजी विशाल द्वैभाषिक, म्हणजे मराठी व गुजराती भाषकांचे एकच मुंबई राज्य निर्माण केले. हा बदल विधानसभेपुढे पुन्हा आलाच नाही, म्हणून बाबूलाल पराते न्यायालयात गेले आणि हरले: संसदेने विधेयकात फेरफार केल्यास ते पुन्हा पाठवण्याची गरज नाही, असा निकाल मिळाला. त्यानंतर संयुक्त महाराष्ट्र आंदोलनाने जे मिळवले, तेही साध्या कायद्यानेच. २०१४ मध्ये आंध्र प्रदेश विधानसभेने विभाजनाचे विधेयक नाकारल्यावरही ते संमत झाले. स्वातंत्र्याच्या वेळी देश एकत्र बांधण्यासाठी हा लवचीकपणा आवश्यक होता, हे खरे. राज्य अस्तित्वातून पुसले जाऊ शकते आणि त्याला साधे बहुमत पुरते, ही तरतूद आज तशीच ठेवणे मात्र संघराज्याच्या तत्त्वाशी विसंगत आहे.

कार्यपद्धती कडक करण्याविरुद्धचा सर्वात सबळ आक्षेप आंबेडकरांच्याच भाषणात आहे, आणि तो टाळता येणार नाही. दुरुस्ती अवघड केली की मेलेल्यांचे राज्य जिवंतांवर चालते. अमेरिकेत दोन तृतीयांश काँग्रेस आणि तीन चतुर्थांश राज्ये यांची अट असल्याने सव्वादोनशेहून अधिक वर्षांत केवळ सत्तावीस दुरुस्त्या झाल्या. बालमजुरीवर नियंत्रणाचा अधिकार देणारी १९२४ सालची दुरुस्ती आजवर संमत झालेली नाही. तिथे घटना बदलत नाही असे मात्र नाही. ती न्यायालयात, नऊ न्यायमूर्तींच्या अर्थ लावण्यातून बदलते, आणि म्हणून तिथल्या प्रत्येक न्यायमूर्तीच्या नेमणुकीला युद्धाचे स्वरूप येते. ऑस्ट्रेलियात सार्वमताला टाकलेल्या पंचेचाळीस प्रस्तावांपैकी आठच मंजूर झाले. आपल्याकडे अशी अट १९५१ साली असती, तर जमीनदारांनी कुळांना आणखी एक पिढी न्यायालयांत फिरवले असते. म्हणून सगळीच घटना अधिक ताठर करा, असे मी म्हणणार नाही.

उपाय पायऱ्यांचा आहे, आणि पायऱ्यांची कल्पना आपल्या घटनेत आधीच आहे. दक्षिण आफ्रिकेच्या १९९६च्या घटनेत पायाभूत मूल्ये सांगणाऱ्या पहिल्या कलमासाठी पंचाहत्तर टक्के मते आणि नऊपैकी सहा प्रांतांची संमती लागते, बाकीच्यांसाठी त्याहून कमी. स्वीडनमध्ये मूलभूत कायदा बदलायचा तर तोच मजकूर संसदेने दोनदा संमत करावा लागतो आणि दोन्हींच्या मध्ये सार्वत्रिक निवडणूक यावी लागते. मला ही दुसरी पद्धत अधिक मोलाची वाटते. आकडा वाढवल्याने मोठ्या पक्षाला आणखी काही सदस्य जमवावे लागतात एवढेच. मध्ये निवडणूक आल्याने त्याला तो बदल लोकांपुढे उघडपणे मांडावा लागतो. मूलभूत हक्क, निवडणुका, न्यायालयीन पुनर्विलोकन आणि राज्यांचे अस्तित्व एवढ्याच विषयांसाठी अशी चौथी पायरी असावी. एकोणचाळिसावी दुरुस्ती तिच्यावर टिकली नसती, आणि बेचाळिसावी १९७७च्या मतदारांपुढे गेली असती; त्या मतदारांनी काय केले असते याचा फार अंदाज बांधावा लागत नाही.

सार्वमत का नको, असे कोणी विचारेल. हा विचार आपल्याकडे झालेला आहे. जनता सरकारने १९७८ साली आणीबाणीचे घाव भरण्यासाठी जे विधेयक आणले, त्यात घटनेचे लोकशाही किंवा धर्मनिरपेक्ष स्वरूप, मूलभूत हक्क, मुक्त निवडणुका आणि न्यायसंस्थेचे स्वातंत्र्य यांना बाधा आणणारी दुरुस्ती सार्वमताने मंजूर व्हावी, आणि त्या सार्वमतात किमान ५१ टक्के मतदारांनी भाग घ्यावा, अशी तरतूद होती. राज्यसभेत काँग्रेसचे बळ होते. तिने ती तरतूद गाळली आणि उरलेले विधेयक चव्वेचाळिसावी दुरुस्ती म्हणून संमत झाले. ती तरतूद गळाली याचे मला फारसे दुःख नाही. ‘हो की नाही’ एवढेच विचारणाऱ्या मतदानात प्रश्न बाजूला पडतो आणि प्रश्न विचारणाऱ्या नेत्यावरच कौल दिला जातो. चव्वेचाळिसावी दुरुस्ती मात्र दोन परस्परविरोधी बहुमतांमधून, एकमेकांना नमवत तयार झाली. अंतर्गत आणीबाणीसाठी सशस्त्र उठावाची अट आणि जीविताचा हक्क आणीबाणीतही स्थगित न करण्याची हमी त्यातूनच आली. दोन सभागृहांत दोन वेगळ्या पक्षांचे बहुमत असणे याला आपण अडथळा म्हणतो. त्या वर्षी त्या अडथळ्यानेच काम नीट करून घेतले.

चौथी पायरी आणायची तर अनुच्छेद ३६८च बदलावा लागेल, आणि ज्यांच्या हातात दोन तृतीयांश बहुमत आहे ते स्वतःचे हात बांधून घेतील अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. असे बदल आणीबाणीसारख्या धक्क्यानंतरच होतात. काही गोष्टींना मात्र घटनादुरुस्ती लागत नाही. प्रत्येक घटनादुरुस्ती विधेयक दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलेच पाहिजे आणि समितीच्या अहवालानंतर ठरावीक काळ गेल्याशिवाय मतदान होऊ नये, हे दोन्ही सभागृहांना आपापल्या कामकाजाच्या नियमांत लिहिता येईल. त्याहून सोपी गोष्ट पक्षांच्या हातात आहे. दहावी अनुसूची पक्षादेश मोडणाऱ्याला अपात्र ठरवते. पक्षादेश काढलाच पाहिजे असे ती कुठेही म्हणत नाही. संविधानावर शपथा घेणारा कोणताही पक्ष, मग तो सत्तेत असो वा विरोधात, पुढच्या घटनादुरुस्तीच्या मतदानाला आपण पक्षादेश काढणार नाही असे आजच जाहीर करू शकतो.